बुखारीजवळची रोपं

"फडतरे, तू शेतकऱ्याचा मुलगा ना रे?"

"होतो, साहेब."

सुभेदार हिंदुराव शेडगे यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्यासमोर फळीवर दुधाच्या भुकटीचे बारा रिकामे डबे मांडलेले होते. एका हातात खिळा, दुसऱ्या हातात दगड. सहा डब्यांच्या बुडाला भोकं पाडून झाली होती, सातवा मांडीत होता.

"होतो म्हणजे? बाप काय बदलता येतो?"

पलीकडं कणीक मळत बसलेला जोतिराम फिदीफिदी हसला.

"उद्यापासून सकाळचं बर्फ काढायचं काम तुला माफ," साहेब म्हणाले. "त्याच्या बदल्यात हे डबे. टमाटे, कोबी आणि नवलकोल. मे महिन्यात बाहेर लावायचे. तोवर इथं आत वाढवायचे. काय?"

"जी, साहेब."

बर्फ काढणं परवडलं असतं, असं मनात आलं. पण फौजेत सुभेदाराला तसं सांगायची सोय नसते.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. आमची पोस्ट लडाखमध्ये बारा हजार फुटांवर होती. आम्ही अठ्ठावीस जण, सगळे सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. नोव्हेंबरात खिंड बर्फानं बंद झाली की रस्ता उघडायचा तो मे संपता संपता. मधल्या काळात हवा बरी असली तर पंधरवड्यातनं एकदा हेलिकॉप्टर यायचं, टपाल आणि औषधं टाकून जायचं. ताजी भाजी डोळ्यांना दिसत नसे. डब्यातले वाटाणे, डब्यातलं अननस, आणि वाळवलेला कांदा. तो पाण्यात भिजवला की ओल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा. जोतिराम हा आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. गडहिंग्लजकडचा, अंगानं आडवा, स्वभावानं मऊ. त्याच्यासमोर कुणी कोथिंबिरीचं नाव काढलं तरी तो भांडी आपटायला लागायचा.

तेव्हा साहेबांना भाजी लावावीशी वाटली यात नवल नव्हतं. त्यासाठी त्यांनी मला निवडावं, हेच मला कळत नव्हतं. पोस्टवर शेतकऱ्यांची पोरं वीस तरी होती.

आणि मी तर त्या कामाला कंटाळूनच घर सोडलं होतं. कोरेगाव तालुक्यात आमचं गाव. माझे वडील, आबा, आसपासच्या सात-आठ गावांना रोपं पुरवायचे. वांगी, मिरची, टमाटे, कोबी, कांदा. आई मी सहा वर्षांचा असताना गेली. ताईचं लग्न होऊन ती फलटणला गेली. मग घरात उरलो आबा आणि मी, आणि दाराशी पसरलेले रोपांचे वाफे. शाळेआधी पाणी, शाळेनंतर खुरपणी. पोरं विहिरीवर पोहायला जायची, मी गुडघ्यावर बसून रोपं विरळ करायचो. आबा माणूस वाईट नव्हते. मारलं कधी नाही. पण दिवसातनं त्यांच्या तोंडून चार वाक्यं निघायची आणि चारही रोपांबद्दलची असायची.

अठरा पुरी झाली तशी मी कुणाला न सांगता साताऱ्याला भरतीला गेलो. निवड झाली. कागद घेऊन घरी आलो, तर आबा वाफ्यात बसून वांग्याची रोपं काढत होते.

"कधी जायचंय?" त्यांनी विचारलं.

"परवा."

"म्हंजे लावण टाकून."

ते एवढंच बोलले. पण मला एवढं पुरलं. मी नको ते बोललो. म्हटलं, तुम्हाला पोरगा नकोय, गडी पाहिजे. म्हटलं, तुमच्यासारखं चिखलात बसून जन्म काढायचा नाही मला. आई जिवंत असती तर तीसुद्धा निघून गेली असती, असंही बोललो. आबांनी हातातली जुडी खाली ठेवली. "मग जा," म्हणाले.

त्याला अडीच वर्षं झाली होती. मी एक ओळ लिहिली नव्हती. सुट्टी मिळाली की फलटणला ताईकडं जायचो आणि तिथनंच परत फिरायचो. ताई रडायची, समजवायची. मी ऐकायचो नाही.

तर आता बारा हजार फुटांवर माझ्यासमोर बारा डबे होते.

माती साहेबांनी ऑक्टोबरातच आणून ठेवली होती. जमीन गोठायच्या आधी ओढ्याकाठची दोन पोती भरून लंगरात, म्हणजे स्वयंपाकाच्या बराकीत, कोपऱ्याला रचली होती. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, मोर्चाला, म्हणजे पहाऱ्याच्या आडोशाला, लागत असेल. मी ती चाळली, खेचरांची जुनी कुजलेली लीद चुरून तिच्यात मिसळली. बी कागदाच्या छोट्या पुड्यांत होतं. साहेबांनी पुड्या स्वतः उघडल्या आणि तळहातावर मोजकं बी काढून दिलं.

"सगळं टाकू का?"

"थांब," साहेब म्हणाले, आणि आपल्या बंकरात गेले. पाच मिनिटांनी आले. "सगळं टाक. पण टमाट्याचं आधी भिजव. ओल्या फडक्यात बांध आणि उबेला ठेव. बुखारीजवळ नको, करपेल. अंगाशी ठेव."

बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी, छपरातनं नळी बाहेर काढलेली. तिच्याजवळ हात धरला तर भाजायचं आणि चार पावलं लांब गेलं तर पाणी गोठायचं. मी जुन्या बनियनचा तुकडा फाडला, त्यात बी बांधलं आणि ती पुरचुंडी लोकरी सदऱ्याच्या आत पोटाशी ठेवली. तीन दिवस ती तिथंच. पहाऱ्यावर उभा असतानाही तिथंच.

जोतिरामनं ते पाहिलं आणि संध्याकाळच्या जेवणाला सगळ्यांसमोर ओरडला, "आरं, फडतरेला दिवस गेले!"

पोस्ट हसून आडवी पडली. साहेबसुद्धा हसले. चौथ्या दिवशी फडकं सोडलं तर प्रत्येक बियाला पांढरी शेपटी फुटली होती. ती बघायला तेच हसणारे माझ्या खांद्यावरनं वाकून उभे राहिले.

साहेबांची एक तऱ्हा माझ्या ध्यानात आली होती. काहीही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. "थांब," म्हणायचे, बंकरात जायचे, आणि परत येऊन ठामपणे सांगायचे. कधी आधीच सांगायचे, पण तेसुद्धा धडा म्हणून दाखवल्यासारखं. जोतिराम म्हणायचा, "साहेब आत जाऊन देवाला कौल लावतात वाटतं."

डबे लंगराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवायचे. पोस्टवर ऊन येणारी तेवढी एकच काचेची खिडकी होती. दिवसभर ऊन खायचं. रोपं काचेकडं झुकतात, म्हणून रोज डबा अर्धा फिरवायचा. बर्फ वितळवून पाणी करायचं, ते कोमट करायचं, मगच द्यायचं. झोपायच्या वेळी बुखारी विझवायचा नियम होता, कारण धुरानं माणसं दगावतात. त्यामुळं ऊन उतरलं की डबे खिडकीतनं काढायचे, चुलीमागच्या भिंतीशी न्यायचे आणि वरनं घोंगडी टाकायची. काचेपाशी राहिले तर सकाळपर्यंत मातीसकट दगड.

मार्चच्या मध्याला टमाट्याला चार-चार पानं झाली. कोबीची पानं निळसर, जाड, मेण लावल्यासारखी. नवलकोल सगळ्यात दांडगा. बर्फाशिवाय दुसरा रंग न पाहिलेली माणसं पहारा संपवून आली की आधी खिडकीशी जायची. एक हवालदार होते, तासगावचे, फार बोलायचे नाहीत. ते चहाचा मग घेऊन डब्यांसमोर नुसते बसून राहायचे. एकदा त्यांनी टमाट्याच्या पानाला बोट लावून बोटाचा वास घेतला आणि उठून बाहेर गेले.

मलाही ते आवडायला लागलं होतं. हे मी कबूल करत नव्हतो. पण पहाटे डोळे उघडले की पहिला विचार डब्यांचा यायचा. कुठलं रोप विरळ करायचं, कुठलं ठेवायचं, हे हाताला आपोआप कळायचं. कळायचं म्हणून राग यायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस मी पाणी घालत होतो. रात्रपाळीचा पहारा झाला होता, अंग मोडून आलं होतं, घाई होती. साहेब मागं येऊन उभे राहिले.

"वरनं ओतू नको. कडेनं दे. झाड काय पळून जातंय का? दमानं."

माझा हात जागच्या जागी थांबला. ते शब्द मी हजार वेळा ऐकले होते. त्याच क्रमानं, त्याच चालीवर.

"साहेब, हे कुठं शिकलात तुम्ही?"

"का?"

"असंच."

"ऐकलंय कुठंतरी," असं म्हणून साहेब निघून गेले.

दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. एवढ्या लांब आलो, दोन डोंगररांगा ओलांडल्या, तरी मी गुडघ्यावर बसूनच आहे आणि मागं उभा राहून कुणीतरी तेच सांगतंय. ऊन उतरलं. डबे हलवायची वेळ झाली. जोतिराम भाकऱ्या थापत होता. म्हणाला, "भानुदास, डबं?"

"हलवतो," मी म्हटलं.

आणि हलवले नाहीत. जेवलो, बराकीत जाऊन पडलो. मी विसरलो नव्हतो. पडल्या पडल्या मला डबे दिसत होते. उठलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. मी उठलो नाही.

सकाळी जोतिरामचा आवाज आला नाही, तेव्हाच मला कळलं. एरवी तो चहा उकळताना गाणं म्हणायचा. लंगरात गेलो तर तो खिडकीसमोर उभा होता, हात कमरेवर. टमाट्याचे सहाही डबे गेले होते. पानं काळपट हिरवी, उकडलेल्या पालकासारखी, देठ मोडून काठावर लोंबत होते. कोबी आणि नवलकोल जातीचे थंडीचे. तेही मान टाकून होते, पण त्यांच्यात जीव असावा असं वाटत होतं.

साहेब आले. एक डबा उचलून त्यांनी उजेडात धरला.

"काल हलवले नाहीत?"

"विसरलो, साहेब."

पाठीवर वाळूचं ओझं घेऊन टेकडीला दहा चकरा मारायला लावतील, अशी माझी तयारी होती. ते नुसते मातीच्या पोत्यावर बसले. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा तो उंच, ताठ माणूस एकदम थकल्यासारखा दिसला. डबा मांडीवर घेऊन स्वतःशीच म्हणाले, "आता त्यांना काय कळवू?"

मला वाटलं, खालच्या तळावरच्या कॅप्टनसाहेबांबद्दल बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बंकरात बोलावलं. ट्रंक उघडी होती, कपड्यांच्या घड्या घालणं चाललं होतं. त्यांची नोकरी संपत आली होती. एप्रिलच्या पहिल्या हेलिकॉप्टरनं ते कायमचे खाली जाणार होते.

"बस," ते म्हणाले. मी खाटेच्या कडेला बसलो.

"खरं सांग. विसरलास का मुद्दाम केलंस?"

ते घड्या घालत राहिले. त्यांना घाई नव्हती.

"मुद्दाम, साहेब."

"का?"

"तुम्ही माझ्या बापासारखं बोलला म्हणून. कडेनं दे, दमानं दे. शब्द न् शब्द तोच."

साहेबांच्या हातातला सदरा तसाच राहिला. मग ते हसले. मोठ्यानं नाही.

"मग दुसरं कुणासारखं बोलू? आरं, मी वाढलो लालबागला, चाळीत. बाप गिरणीत. गाव शिराळ्याला, ते मे महिन्याच्या सुट्टीपुरतं. मी आयुष्यात तुळससुद्धा लावलेली नाही."

त्यांनी उशीखालनं दोऱ्यानं बांधलेली पाच पत्रं काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

वरच्या पाकिटावर पत्ता होता. अक्षर मोठं, उजवीकडं कललेलं, वेलांटीनंतर पेन उचलून पुन्हा टेकलेलं. चौथी शिकलेल्या माणसाचं. ते अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. माझ्या शाळेच्या पाटीवर पहिलं 'भ' आबांनी काढून दिलं होतं.

"बी त्यांनी पाठवलं," साहेब म्हणाले. "रोपं तुझ्या हातनं गेली. तेव्हा तूच कळव. मी कळवणार नाही."

ते ट्रंक तशीच उघडी ठेवून बाहेर गेले.

पहिलं पत्र सप्टेंबरातलं होतं. "आमचा भानुदास आपल्या हाताखाली आहे असे त्याच्या बहिणीकडून समजले. तो बरा आहे एवढे एका ओळीत कळवावे. मी विचारले हे त्याला सांगू नये." साहेबांनी काय उत्तर दिलं होतं ते पुढच्या पत्रावरनं कळत होतं. पोरगा बरा आहे, पण डब्याचं अन्न नकोसं होऊन जेवत नाही, असं त्यांनी लिहिलं असावं. कारण दुसऱ्या पत्रात आबांचे प्रश्न होते. थंडी किती पडते? ऊन किती तास असते? माती कशी आहे, हातात दाबली की गोळा होतो का? घरात खिडकी कोणत्या दिशेला आहे? जमीन गोठण्याआधी माती आत घेऊन ठेवावी.

तिसऱ्यात आणि चौथ्यात सगळं होतं. बी कसं भिजवायचं, अंगाशी कसं ठेवायचं, डबा कधी फिरवायचा. "पाणी वरून ओतू नये. कडेने द्यावे. घाई करू नये, झाड काही पळून जात नाही." साहेब 'थांब' म्हणून आत का जायचे, ते त्या ओळींवरनं मला कळलं. काही ओळींखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

पाचवं पत्र बियांसोबत आलेलं, जानेवारीचं. त्यात खाली लिहिलं होतं:

"हे काम माझ्या पोराकडे द्यावे. त्याचा हात रोपाला चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी त्याला कधी बोललो नाही. बोलायला पाहिजे होते. बी कोणाचे ते त्याला सांगू नका, नाहीतर तो हात लावणार नाही. रागावला तरी आपण रागावू नये. टमाट्याचे बी घरचे आहे, दुकानचे नाही."

मी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. मग लंगरात गेलो. जोतिराम काही विचारणार होता, माझं तोंड बघून चुलीकडं वळला. मेलेल्या टमाट्यांचे सहा डबे मी रिकामे केले, माती पोत्यात परत भरली, डबे घासून पालथे घातले. कोबीच्या डब्यांना कोमट पाणी दिलं. कडेनं.

पत्र लिहायला दोन दिवस लागले. पहिल्यांदा तीन पानं लिहिली, ती फाडली. मग माफी मागणारं एक लिहिलं, तेही फाडलं. जोतिराम म्हणाला, "तू रेशनचे कागद संपवतोस बघ." शेवटी जे राहिलं ते एवढंच होतं:

"आबा, टमाट्याची रोपे मेली. थंडीने नाही, माझ्यामुळे. मी डबे मुद्दाम हलवले नाहीत. कोबीचे चार आणि नवलकोलाचे दोन डबे जगले आहेत. टमाट्याचे बी शिल्लक नाही. आता काय करू ते कळवा. भानुदास."

पत्र साहेबांकडं घेऊन गेलो. हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी येणार होतं.

"टपालाच्या थैलीत टाकू का, साहेब?"

"आण इकडं. मी नेतो."

"खालच्या तळावर टाकणार?"

"कोरेगावला नेऊन देतो."

मी चकित झालो. "साहेब, तुम्ही शिराळ्याला जाणार. कोरेगाव तुमच्या वाटेत नाही."

"मला वाट शिकवतोस?" साहेब म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं नकाशे वाचलेत मी." आणि पत्र त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

सकाळी सगळी पोस्ट त्यांना निरोप द्यायला उतरली. पंखा फिरत होता, बर्फाचा भुगा तोंडावर उडत होता. साहेबांनी प्रत्येकाशी हात मिळवला. जोतिराम लहान पोरासारखा रडत होता. माझ्यापाशी आले तेव्हा कानाशी तोंड आणून ओरडले, "कोबी मारलास तर बघ!"

त्यानंतर तीन आठवडे उत्तर आलं नाही. हवा बिघडली होती. मी जागा तयार करायला घेतली. खालच्या गावातली माणसं लवकर जमीन मोकळी व्हावी म्हणून वावरातल्या बर्फावर काळी माती फेकतात, हे आम्ही मागच्या वर्षी पाहिलं होतं. लंगराच्या उन्हाच्या बाजूला मी तसंच केलं. बुखारीच्या नळ्यांतली काजळी झाडून तीही पसरली. जिथं पसरली तिथलं बर्फ आठ-दहा दिवस आधी गेलं. मग कुदळ. वरची चार बोटं माती सुटायची, खाली अजून गोठलेलीच. दुपारी ऊन लागलं की आणखी दोन बोटं. दगड इतके निघाले की त्यांचाच गुडघाभर बांध झाला आणि वाऱ्याला आडोसा मिळाला. तासगावचे हवालदार न सांगता रोज येऊन दगड उचलायचे. मग आणखी दोघं यायला लागले. कोबीचे डबे मी दुपारी तासभर बाहेर ठेवायचो, मग दोन तास, मग अर्धा दिवस. रोपाला थंडी हळूहळू शिकवावी लागते. हे मला कुणी पत्रातनं सांगितलं नव्हतं. आबांना करताना पाहिलं होतं.

एप्रिलच्या अखेरीस हेलिकॉप्टर आलं. माझ्या नावानं एक जाड पाकीट होतं, आत पत्र आणि चार पुड्या. हाताला मोजे असल्यानं ते फाडता येईना, तर जोतिरामनं सुरीनं उघडून दिलं आणि तिथंच उभा राहिला.

"चि. भानुदास यास आशीर्वाद. पत्र मिळाले. अक्षर सुधारले आहे.

टमाट्याला आता उशीर झाला, त्याचा नाद सोड. पुढच्या साली बघू. कोबीची रोपे हातभर अंतराने लाव. नवलकोल वीतभर चालेल. सोबत मेथी, मुळा, पालक व धने पाठवले आहेत. ते घरात करायचे नाहीत, जमिनीला ऊब आली की सरळ टाक. धने रगडून दोन फाकी करून घे.

सुभेदारसाहेब स्वतः पत्र घेऊन आले होते. दोन दिवस राहिले. माणूस फार चांगला आहे. पण त्यांना खुरपे धरता येत नाही. बोट कापून घेतले, हळद लावली. जाताना वांग्याची पन्नास रोपे घेऊन गेले. कशी जगतात देव जाणे. तू त्यांना पत्र लिहून विचार.

रोपे मेली त्याचे मनाला लावून घेऊ नको. माझ्याही हातून मेली आहेत. तुझ्या आईच्या वेळी मी सगळा वाफा वाळवला होता, दोन महिने पाणी दिले नव्हते. तू लहान होतास. तूच तांब्याने पाणी घालायचास, म्हणून एक कोपरा वाचला. तुला आठवत नसेल. —आबा"

मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

"काय म्हणतात?" जोतिरामनं विचारलं.

"धने रगडून टाक म्हणतात."

"कोथमीर?" जोतिरामचा आवाज चिरकला. "भानुदास, देवाशपथ सांग, कोथमीर?"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मेथी काढली. जोतिरामनं ती कुणाला धुवू दिली नाही, निवडू दिली नाही. लसूण वाळवलेलाच होता, तरी त्या दिवशी अख्खी पोस्ट ताटावर बोलेनाशी झाली. कोबीचे गड्डे ऑगस्टात आले, मुठीएवढेच, पण घट्ट. पहिला गड्डा कापायच्या आदल्या दिवशी माझी सुट्टी मंजूर झाली. जोतिराम म्हणाला, "थांब की, खाऊन जा." मी थांबलो नाही.

साताऱ्याला गाडी बदलली. फलटणची गाडी समोरच लागली होती. मी कोरेगावची धरली.

घर उघडं होतं. आबा परड्यात, पाठमोरे, हातात पाण्याची झारी. केस पार पांढरे झाले होते. मी पिशवी ओट्यावर ठेवली. तिच्या आवाजानं ते वळले. माझ्याकडं बघत राहिले, झारीतलं पाणी पायावर सांडत राहिलं.

मी पाया पडलो. त्यांचा ओला हात डोक्यावर आला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

"वाळलास," ते म्हणाले.

"तिथं सगळेच वाळतात, आबा."

"च्या टाकतो."

चहा झाला. दोघं ओट्यावर बसलो. बोलायचं पुष्कळ होतं आणि दोघांनाही सवय नव्हती. समोर कांद्याच्या रोपांचा वाफा होता, हिरवागार, अजून लावणीला चार-सहा दिवस असावेत. बशीतला शेवटचा घोट घेऊन आबांनी विचारलं, "सुट्टी किती?"

"महिना."

ते वाफ्याकडं बघून बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग हळूच, मी नाही म्हणेन अशी भीती असल्यासारखं, म्हणाले, "म्हंजे कांद्याची लावण धरून जाशील."

"धरूनच जाईन," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. उठले, कोनाड्यातनं दुसरं खुरपं काढलं, पात्यावरनं अंगठा फिरवून धार बघितली आणि दारातल्या दगडावर बसून ते घासायला लागले.